नरकाचा पत्ता

पाचवी-सहावीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. 'आपण उभे आहोत त्याच जागी सरळ खाली खणत गेलो, तर काय काय लागेल?' उत्तरे साधारण ठरलेली असतात. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, नशीब असेल तर पाणी. एखादा हुशार विद्यार्थी तापलेल्या शिलारसापर्यंत पोचतो. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणते, 'पाताळ!' वर्ग हसतो. पण हे उत्तर माणसाने शेकडो वर्षे गंभीरपणे दिलेले आहे. नुसते दिले नाही, तर त्या पाताळाचे आणि नरकाचे नकाशे काढले, अंतरे मोजली, छताची जाडीसुद्धा काढली. त्यातल्या एका नकाशाची ही हकीकत आहे.

तो नकाशा काढला दान्ते अलिगिएरी या कवीने. जन्म १२६५, गाव इटलीतील फ्लोरेन्स. तेथील राजकारणात तो पडला. १३०२ मध्ये विरोधी गटाने त्याला हद्दपार केले, आणि पुन्हा गावात पाय न ठेवता १३२१ मध्ये तो रावेन्ना येथे वारला. हद्दपारीच्या वर्षांत त्याने एक प्रचंड काव्य रचले. त्याने त्याला नुसते 'कॉमेडी' म्हटले. 'दिव्य' हे विशेषण पुढच्यांनी जोडले. काव्याचे तीन भाग आहेत : नरक, शुद्धीचा पर्वत आणि स्वर्ग. सर्ग एकंदर शंभर, त्यातले चौतीस नरकाचे. पंडितांची भाषा लॅटिन होती, पण दान्तेने लिहिले ते आपल्या प्रदेशातल्या लोकांच्या बोलीत. ज्ञानेश्वरी १२९० ची आहे आणि दान्तेच्या काव्यातला प्रवास १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात घडतो, हे लक्षात घेतले की काळाची जवळीक डोळ्यांसमोर येते.

हे काव्य आपल्यापासून वाटते तितके लांबही नाही. त्याची एक जुनी हस्तलिखित प्रत मुंबईत आहे. टाउन हॉलच्या उंच पायऱ्या चढून गेले की एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते, तेथे ती जपून ठेवलेली आहे. सोसायटीला ती देणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर. मुसोलिनीने या प्रतीसाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटले, अशी कथा मुंबईत आवडीने सांगतात. कथा म्हणून ती चांगलीच आहे.

आता नकाशाकडे वळू. कथेतला दान्ते पस्तीस वर्षांचा आहे. एका अंधाऱ्या रानात त्याची वाट चुकते. तीन श्वापदे त्याला अडवतात : चित्ता, सिंह आणि लांडग्याची मादी. ही श्वापदे माणसातल्या कोणत्या विकारांची, यावर टीकाकारांनी सातशे वर्षे वाद घातला आहे. आपण त्यात न पडलेले बरे. वाट दाखवायला येतो व्हर्जिल, दान्तेच्या आधी तेराशे वर्षे होऊन गेलेला रोमन कवी. दोघे नरकाच्या दारातून आत शिरतात आणि एकाखाली एक अशी नऊ वर्तुळे उतरत जातात. शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीसारखा हा खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता आहे. जितके खोल जावे तितके पाप वजनदार.

या नरकात शिक्षा कशी दिली जाते, ते नीट पाहण्यासारखे आहे. ती बाहेरून लादलेली नसते. पापाचेच रूप उलटून शिक्षा झालेले असते. वासनेच्या वाऱ्यावर जे भरकटले, त्यांना इथे खरोखरचे वादळ कायमचे भिरकावत असते. लाच खाणारे सरकारी अधिकारी उकळत्या डांबरात बुडवलेले आहेत, कारण त्यांचे व्यवहारही असेच काळे, चिकट आणि झाकलेले होते. ते डांबर कसे दिसत होते, तर व्हेनिसच्या गोदीत हिवाळ्यात जहाजांच्या फटी बुजवायला उकळतात तसे, अशी उपमा दान्ते देतो. गंमत अशी की दान्तेला हद्दपार करताना त्याच्यावर ठेवलेला आरोपही लाचखोरीचाच होता.

विसाव्या सर्गात भविष्यवेत्ते भेटतात. हयातभर त्यांना पुढचे पाहायचे होते, म्हणून त्यांची मुंडकी पाठीकडे फिरवलेली आहेत. ते उलटे चालतात आणि त्यांचे अश्रू पाठीवरून ओघळतात. त्यांच्यात मायकेल स्कॉट आणि गुइदो बोनात्ती हे त्या काळातले नामांकित ज्योतिषीही आहेत. ताऱ्यांचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतो, असे दान्ते स्वतः मानत असे. तेव्हा त्याला आजच्या अर्थाने अंधश्रद्धेविरुद्ध लढणारा ठरवू नये. त्याचा राग होता तो भविष्य सांगण्याच्या धंद्यावर.

या लोकांना पाहून दान्तेला रडू येते आणि व्हर्जिल त्याला झापतो : इथे दया दाखवणे म्हणजे न्यायावर शंका घेणे. येथे आपल्याला महाभारतातले स्वर्गारोहण पर्व आठवल्याशिवाय राहत नाही. युधिष्ठिरालाही नरक दाखवला जातो. तिथे भावांचे आवाज ऐकू येतात, तेव्हा तो देवदूताला परत पाठवतो आणि आपण इथेच राहणार म्हणतो. दान्ते मात्र पुढे चालत राहतो. पण एका जागी त्याचा पाय अडतो. पंधराव्या सर्गात, तापलेल्या वाळूवर आगीच्या पावसात धावणाऱ्यांत त्याला एक ओळखीचा भाजलेला चेहरा दिसतो. तो असतो त्याचा गुरू ब्रुनेत्तो लातिनी. याने सामान्य वाचकांसाठी फ्रेंच भाषेत ज्ञानकोश लिहिला होता. आजच्या भाषेत तो विज्ञानप्रसारकच. इटालियनमध्येही मराठीसारखे 'तू' आणि 'तुम्ही' असे दोन प्रकार आहेत. नरकातल्या त्या गुरूशी दान्ते 'तुम्ही' म्हणून बोलतो, मान खाली घालून चालतो. आणि गुरू मागतो काय, तर माझ्या ग्रंथाची आठवण असू दे. शिक्षकांनी हा सर्ग जरूर मिळवून वाचावा.

नरकाचा तळ कसा असेल? आपली कल्पना उकळत्या तेलाच्या कढयांची. दान्तेच्या नरकाच्या तळाशी बर्फ आहे. विश्वासघातकी तिथे मानेपर्यंत गोठलेले आहेत आणि मधोमध छातीपर्यंत बर्फात रुतलेला सैतान आपल्या सहा पंखांनी वारा घालतो आहे. त्या वाऱ्यानेच बर्फ गोठतो. ज्याने विश्वास टाकला त्याचाच घात करायला उष्ण डोके लागत नाही, थंड काळीज लागते, असे कवीला म्हणायचे असावे.

इथपर्यंत सगळे रूपक झाले. पण यानंतर दान्ते भूगोलाचा धडा घेतो. सैतान रुतला आहे ती जागा म्हणजे पृथ्वीगोलाचा बरोबर मध्य. व्हर्जिल दान्तेला पाठीवर घेऊन सैतानाच्या केसांना धरत खाली उतरतो आणि मांडीच्या सांध्याजवळ आल्यावर मोठ्या कष्टाने स्वतःला उलटे करून चढू लागतो. दान्तेला वाटते, आपण परत निघालो. वर पाहतो तर सैतानाचे पाय आकाशाकडे! मग व्हर्जिल समजावतो : सगळ्या बाजूंची वजने ज्या बिंदूकडे ओढली जातात, तो बिंदू आपण ओलांडला, आता दुसऱ्या गोलार्धात आहोत, तिकडे संध्याकाळ तर इकडे सकाळ. पुढे एका भुयारातून दोघे बाहेर येतात, तो डोक्यावर तारे.

'मध्ययुगात युरोपातले लोक पृथ्वी सपाट मानत, कोलंबसाने ते खोटे ठरवले', हे वाक्य अजूनही पाठ केले जाते. कोलंबसाच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीच्या या काव्यात पृथ्वी गोल आहे, तिला मध्य आहे, विरुद्ध बाजूला वेळ वेगळी आहे. पृथ्वीच्या व्यासासाठी दान्तेने दुसऱ्या एका ग्रंथात घेतलेला आकडा ६५०० मैल. तो नवव्या शतकातल्या अल्-फरगानी या खगोलज्ञाकडून आलेला. भौतिकशास्त्रात मात्र एक गोष्ट सुधारायला हवी. मध्यबिंदूपाशी सर्व बाजूंची ओढ एकमेकींना छेदते, म्हणून तिथे वजन शून्य होईल आणि उलटे फिरायला काडीचे कष्ट पडणार नाहीत. व्हर्जिलला धाप लागण्याचे कारण नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० चा, म्हणजे दान्तेच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षांचा. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ योजनांहून किंचित जास्त दिला आहे. भागाकार करून पाहा, ३.१४ येते. त्यात एक सुंदर दृष्टान्त आहे. जो जिथे उभा असतो त्याला पृथ्वी आपल्या पायाखाली आणि आपण वर असेच वाटते. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूची माणसे एकमेकांना, नदीकाठी उभ्या माणसाचे पाण्यातले प्रतिबिंब दिसावे तशी, उलटी वाटतील. पण तीही आपल्यासारखीच निर्धास्त उभी असतात.

आणि नरक? पुराणे नरक सांगतात भूमीच्या खाली, दक्षिण दिशेला. भागवतात अठ्ठावीस नरकांची नावे आहेत. जिवंत प्राण्यांना शिजवणाऱ्याला कुंभीपाकात उकळत्या तेलात शिजवतात. दान्तेचेच तत्त्व : जसे पाप, तशी शिक्षा. पण गोल पृथ्वी मान्य केली की पंचाईत होते. गोलाला 'खाली' नसते. सगळीकडची खालची बाजू मध्याकडेच जाते. भास्कराचार्यांच्या गोलावर उत्तर टोकाला मेरू आहे, तिथे देव राहतात. बरोबर विरुद्ध टोकाला, म्हणजे आपण ज्याला दक्षिण ध्रुव म्हणतो तिथे, दैत्य आणि सगळे नरक. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, ती यमाची दिशा, असे आजी सांगते. तीच दिशा गोलावर टोकापर्यंत ताणली की हा पत्ता मिळतो. हा पत्ता त्यांनी श्रद्धेने दिला की परंपरेचा मान राखून, हे आपापल्या बुद्धीने ठरवावे. पुराणातले भुवन आणि गणितातला गोल यांचा मेळ घालण्याचा प्रश्न पुढेही सुटला नाही. नांदेडहून गोदावरीच्या उगमाकडे वर गेले की लागणारे पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तिथल्या ज्ञानराज या ज्योतिर्विदाने १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' लिहिला आणि नेमका हाच मेळ घालण्याची खटपट केली.

रूपकाला पत्ता दिला की कोणीतरी फूटपट्टी घेऊन येतोच. १५८८ मध्ये फ्लोरेन्सच्या विद्वत्सभेपुढे चोवीस वर्षांच्या एका तरुणाने 'दान्तेच्या नरकाचा आकार, जागा आणि माप' या विषयावर दोन व्याख्याने दिली. तरुणाचे नाव गॅलिलिओ. नरक म्हणजे शंकू, टोक पृथ्वीच्या मध्यात, तोंडाच्या बरोबर मध्ये वर जेरुसलेम, मध्याशी होणारा कोन ६० अंश. साठ हा तीनशे साठचा सहावा भाग, म्हणून नरकही पृथ्वीच्या सहाव्या भागाएवढा असे चटकन वाटते. गॅलिलिओने दाखवले की तो चौदाव्या भागाहूनही थोडा लहान आहे. दहावीच्या पुढची मुले (१ – कोसाइन ३०°) ÷ २ एवढे गणित करून ०.०६७ हे उत्तर स्वतः काढू शकतील. काव्यातल्या राक्षसांच्या वर्णनावरून त्याने सैतानाची उंचीही काढली : सुमारे दोन हजार हात, तिथला हात जवळजवळ ५८ सेंटिमीटरचा, म्हणजे उंची एक किलोमीटरहून अधिक.

मग प्रश्न आला छताचा. एवढ्या पोकळीवरचे जमिनीचे छत कोसळत कसे नाही? त्याने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे छताची जाडी त्रिज्येच्या आठव्या भागाएवढी, सुमारे ४०० मैल, धरली आणि छोट्या घुमटांचे उदाहरण दिले : त्यांची जाडी रुंदीच्या मानाने याहून कमी असूनही ते टिकतात, मग हे का नाही टिकणार? सभा खूश झाली असेल, पण युक्तिवाद चुकीचा होता. सगळी मापे दुप्पट केली की वजन आठपट होते आणि ते पेलणारा छेद चौपटच वाढतो. लहान घुमट टिकतो म्हणून त्याच प्रमाणातला प्रचंड घुमट टिकेलच असे नाही. हा नियम स्पष्ट मांडला तो पुन्हा गॅलिलिओनेच, पन्नास वर्षांनी, १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात. नरकाच्या छताची चूक लक्षात आल्यानेच तो या नियमाकडे वळला असावा, असे मार्क पीटरसन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने मांडले आहे.

छताचे वजन हा विषय लातूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावे झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली. भूकंपाची महत्ता सहाच्या थोडी वर. जगाच्या मानाने हा मध्यम धक्का. तरी सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे दगड-मातीची, भिंती दोन-तीन फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड, आतल्या-बाहेरच्या थरांना सांधणारे लांब दगड नाहीत. वर माळवद : लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बांधले. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती टाकायची. छत जाड होत गेले, तसे जडही. उलट कुडाच्या भिंतींच्या आणि गवताच्या छपराच्या झोपड्या बऱ्याच जागी उभ्या राहिल्या.

अशा प्रत्येक संकटानंतर 'पाप फार वाढले होते' हे बोलणे ऐकू येते. किल्लारीनंतरही ऐकू आले. ते केवळ अडाण्यांचे बोलणे समजू नये. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे म्हटले. रवींद्रनाथांनी कडाडून विरोध केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, आणि हाच तर्क गांधीजींपेक्षा त्यांच्या सनातनी विरोधकांना जास्त शोभेल, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी ते पत्र आपल्या 'हरिजन'मध्येच छापले आणि आपले मत सोडले नाही. अस्पृश्यता हे पाप होते, यात दोघांत मतभेद नव्हता. वाद होता तो जमिनीला न्यायाधीश करावे की नाही याचा.

दान्तेच्या काव्याच्या निकषावरच हे तपासून पाहावे. त्याच्या नरकात चुकून आलेला एकही माणूस नाही. प्रत्येकाचे नाव, कृत्य आणि शिक्षा एकमेकांत किल्लीसारखी बसतात. सगळ्या रूपकाचा जीव तेवढ्यात आहे. हे बसणे काढून घेतले तर उरतो नुसता छळ. भूकंपात यातले काहीच बसत नाही. तो पाळण्यातले मूल आणि सावकार असा भेद करत नाही. भेद करतो तो माळवद आणि कूड यांत. तेव्हा भूकंपाला शिक्षा म्हणणारा विज्ञानाशी तर भांडतोच, पण नरकाची कल्पनाही मोडतो.

दान्तेनेही नरकात एक भूकंप घडवला आहे. येशूच्या मृत्यूच्या वेळी धरणी हादरली आणि नरकातल्या दरडी तुटल्या, असे तो सांगतो. हा धर्मश्रद्धेचा भूकंप. पण त्याच बाराव्या सर्गात तो उत्तर इटलीतल्या आदिजे नदीकाठच्या एका खऱ्या कोसळलेल्या डोंगराशी तुलना करतो, आणि तिथे कारणे दोनच देतो : भूकंप झाला असेल, नाहीतर खालचा आधार सुटला असेल. पाप नाही, कोप नाही. डोंगर पाहून आलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. तिसऱ्या सर्गातही जमीन हादरते आणि तिच्यातून वारा सुटतो. भूगर्भात कोंडलेला वारा भूकंप करतो, या अ‍ॅरिस्टॉटलच्या मताला धरून ते आहे. मत चुकीचे, पण कारण जमिनीतच शोधणारे.

जमिनीतून येणारे आवाज नांदेडकरांनीही ऐकले आहेत. नोव्हेंबर २००६ पासून शहराच्या काही भागांत गडगडाट आणि सौम्य धक्के जाणवू लागले. लोक रात्री घराबाहेर झोपले. किल्लारी परिसरातही १९९२ च्या पावसाळ्यानंतर असेच लहान धक्के बसले होते, त्यामुळे भीती वाजवी होती. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले. केंद्रे अगदी उथळ असल्याचे दिसले. अशा वेळी कंपनांचा काही भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि तोच आवाज म्हणून कानी पडतो. नांदेडला त्यातून मोठा भूकंप झाला नाही.

आणि त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लातूर जिल्ह्यात खरोखरच खणून मिळवले आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल वेधन केले. ३३८ मीटरपर्यंत लाव्हाच्या थरांवर थर असलेला आपला काळा पाषाण लागला, त्याखाली काही मीटर गाळ आणि मग अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी पट्टिताश्म. तिथे वेधन थांबले. मध्य अजून ६३७० किलोमीटर खाली होता.